समुद्रसपाटीपासूनची उंची

मिशन सुरू झालं की विमान फुटतं.
शत्रू नाही, गोळी नाही,
इंजिनसुद्धा अजून थंड.
धावपट्टीवर उभं राहतं, जरासं थरथरतं
आणि आपोआप पेटतं.
पडद्यावर येतं: वैमानिक मृत. पुन्हा प्रयत्न करा.

मी पुन्हा प्रयत्न करतो. माझा धंदाच तो.
दिवसभर शारजातल्या गच्च्यांवर
चिलर का बंद पडला ते शोधायचं,
आधी फ्यूज, मग कॉन्टॅक्टर, मग गॅस.
एका वेळी एकच गोष्ट बदलायची,
नाहीतर कशानं सुरू झालं ते कळतच नाही.
इथंही तसंच.
ग्राफिक्सचा ड्रायव्हर जुना टाकला, मग नवा टाकला.
जॉयस्टिकची दांडी डावीकडे ओढत होती,
उघडली, कापसानं आत स्पिरिट फिरवलं,
चहाचा चमचाभर वाळू निघाली.
विमान सरळ उभं राहिलं.
आणि फुटलं.

वरच्या बंकवरून वसईचा घोन्साल्विस
डोळे न उघडता म्हणाला,
बाबा रे, ती लढाई संपून ऐंशी वर्षं झाली.
लाईट घालव.

शेवटी लॉगची फाईल उघडली.
हजारभर ओळी, सगळ्या शहाण्यासारख्या,
आणि मध्येच एक:
तळाची उंची नऊ फूट.
नकाशातली जमीन तेरा.
म्हणजे चाकं वाळूत पुरूनच
उभं करत होतो मी विमान
आणि वर विचारत होतो, का रे फुटतोस?

हा तळ लांबचा नाही.
खिडकी उघडली की खाली तोच.
पडद्यांची दुकानं, मोबाईलवाले, शोरमाचा गाडा,
आणि मधून हा रस्ता, एकही वळण नसलेला.
गावातले बाकी रस्ते कसे माणसांसारखे वाकडेतिकडे;
हा एवढा सरळ का, ते दोन वर्षं मला कळलं नव्हतं.
सांगितलं ते तळमजल्यावरच्या दाद करीमनं.
त्याचा बाप शंबे
(शनिवारी जन्मला म्हणून शंबे)
युद्धाच्या दिवसांत इथं पेट्रोलचे डबे वाहायचा.
जूनमध्ये पत्रा असा तापायचा
की हाताची कातडी डब्यालाच राहायची.
बाप जेवताना घास बोटांच्या टोकांनी उचलायचा, म्हणाला,
आम्हाला वाटायचं, ती रीतच.

दाद करीमला वर बोलावलं.
नऊचे तेरा केले. सेव्ह केलं.
पाच सेकंद.
दहा.
मिनिटभर आम्ही तिघंही गप्प
(घोन्साल्विस उठून बसला होता)
आणि विमान नुसतं उभं,
पंखांवर सकाळ, सावली बरोबर चाकांखाली.

म्हातारा पडद्याजवळ सरकला.
बुरूज ओळखला. तंबूंची रांग ओळखली.
वाऱ्याची पिशवी बघून हसला.
मग बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.
"माणसं कुठायत?"

माणसं नव्हती.
विमानं एकोणीस, रिव्हेट न् रिव्हेट मोजून घ्यावा,
तेलाचा ओघळसुद्धा खरा,
पण माणूस एकच, तोही काचेच्या आत.
"मग डबे कोण ओततं?"

याचं उत्तर लॉगमध्ये नव्हतं.
मेनूत खाली खाली जात सापडलं,
एका चौकटीत बरोबरची खूण:
इंधन अमर्याद.

मी ती खूण काढली.
काटा शून्यावर गेला.
इंजिन चालू केलं, पंखा दोनदा फिरला,
खोकला, थांबला.
घोन्साल्विस म्हणाला, घे, पुन्हा बिघडवलंस.
मला सकाळी सहाला गच्चीवर जायचं होतं,
लॅपटॉप मिटायला हात पुढे केला,
तर दाद करीमनं मनगट धरलं.

राहू दे उभं, म्हणाला.
लांबून यायचंय त्याला. चालत.